उसनवारीचा हक्क

वस्तू आपल्या मालकीची आहे की नाही, हे ठरवायची आमच्या आळीतली कसोटी सोपी आहे. ती शेजाऱ्याला उसनी देता आली पाहिजे. आमची शिडी गेली आठ वर्षं जोशांच्या माळ्यावर आहे. पण ती आमचीच, याबद्दल जोशांच्याही मनात शंका नाही.

अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीला मात्र २०१३ साली ही कसोटी ठाऊक नसावी. मे महिन्यात तिने एक्सबॉक्स वन हे व्हिडिओ गेमचं यंत्र जाहीर केलं आणि जूनमध्ये अटी सांगितल्या. यंत्राने दर २४ तासांनी इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावायची. हजेरी चुकली की खेळ बंद! म्हणजे पैसे तुमचे, टीव्ही तुमचा, सोफा तुमचा आणि वर मस्टरवर सही. आमच्या कचेरीत निदान रविवारी सुट्टी तरी असे. खेळाची तबकडी मित्राला देता येईल, पण एकदाच. आणि तो मित्र निदान ३० दिवस तुमच्या यादीत हवा. आमच्याकडे लग्नं याहून कमी चौकशीत ठरली आहेत.

ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करावं? कंपनीचे डॉन मॅट्रिकसाहेब म्हणाले, त्यांच्यासाठी आमचं एक्सबॉक्स ३६० आहेच की. म्हणजे जुनं यंत्र. पोळी कडक आहे म्हणणाऱ्या पाहुण्याला कालची वाढावी, तसं हे झालं.

प्रतिस्पर्धी सोनी टपलेलीच होती. १० जूनला लॉस एंजेलिसमध्ये जॅक ट्रेटन यांनी मंचावरून सांगितलं, प्लेस्टेशन ४ ला हजेरी नाही. खेळ विका, मित्राला द्या, नाहीतर कायमचा ठेवा. टाळ्यांचा कडकडाट झाला. किंमत ३९९ डॉलर, एक्सबॉक्सची ४९९. शिवाय खेळ उसना कसा द्यावा याची एक चित्रफीत. एक साहेब दुसऱ्याच्या हातात डबी देतात. संपलं! परत कशी आणावी याचीही काढली असती, तर आमच्या आळीने वर्गणी काढून मागवली असती.

१९ जूनला मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या. गिऱ्हाईक जिंकलं, असं सगळे म्हणाले. खरं म्हणजे दोन दुकानदार भांडले म्हणून गिऱ्हाइकाचं फावलं. इंटरनेटवर इतरांशी खेळायला यापुढे वर्गणी पडेल, हे सोनीनेही त्याच सुमारास सांगून टाकलं होतं. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. २०२० साली तिनेच बिनतबकडीचं प्लेस्टेशन ५ काढलं. २०२३ च्या यंत्राला तबकडीचा कप्पा वेगळा जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच. सक्तीने लावलेल्या हजेरीवर माणूस भांडतो. तीच 'सोय' म्हणून आली की रांग लावून घेतो.

माझ्या भाच्याकडे शंभरेक खेळ आहेत. कपाटात एकही नाही.

"मामा, ते अकाउंटवर असतात," तो म्हणाला.

"मग एखादा चार दिवस दे की मला."

"तसं देता येत नाही."

"मग यातलं तुझं काय?"

त्याने बराच विचार केला. "पासवर्ड," तो म्हणाला.

मालकीचा म्हणावा असा एवढाच जिन्नस उरला, आणि तोही कुणाला द्यायचा नसतो!