घोडीची खूण

आर्चटॉप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिटारचे सारे वेगळेपण तिच्या तबलीत, म्हणजे तारांखालच्या पुढील फळीत, असते. साध्या गिटारची तबली सपाट असते, घोडी तिच्यावर कायमची चिकटवलेली असते आणि तारा त्या घोडीतच अडकवलेल्या असल्यामुळे त्यांचा ताण तबलीला वर उचलू पाहतो. आर्चटॉपची तबली मात्र व्हायोलिनसारखी फुगीर असते, तारा घोडीवरून पुढे जाऊन खोक्याच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या पट्टीत अडकतात आणि घोडी कशानेही न चिकटवता केवळ तारांच्या दाबाखाली उभी राहते, त्यामुळे इथे ताण तबलीला उचलत नाही, खाली दाबतो, आणि दगडी पुलाची कमान जशी ओझ्याखाली अधिकच आवळली जाते तशी ही लाकडी कमान तो दाब अंगावर घेते. घोडी, तबली, दांडी, पडदे हे सतारीचे शब्द या परदेशी वाद्याला सहज लागू पडतात. फरक इतकाच, की सतारीत सूर नेमका लागावा म्हणून पडदे सरकवतात, आर्चटॉपमध्ये पडदे अचल असतात आणि सरकते ती घोडी.

ही कमान फळी वाकवून केलेली नसते, निदान उत्तम प्रतीच्या वाद्यात तरी नसते. स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाचे दोन जाड तुकडे मधोमध जोडून घेतले जातात आणि त्यातून बाहेरचा फुगवटा व आतला पोकळ भाग दोन्ही कोरून काढले जातात. मधला भाग जाड आणि काठाकडे जाता जाता पातळ अशी ती तबली तयार होईपर्यंत मूळ लाकडाचा बराचसा भाग भुसा होऊन खाली पडलेला असतो. पाठीची फळी बहुधा मेपलची, तीही अशीच कोरलेली. तबलीच्या आतल्या बाजूला दोन लांब आधारपट्ट्या बसवतात, त्या किती छिलायच्या हे मोजपट्टीइतकेच कानही ठरवतो, कारण कारागीर मधून मधून बोटाने टिचकी मारून लाकूड काय उत्तर देते ते ऐकत असतो. तबली जाड राहिली तर वाद्य मुके राहते आणि फार पातळ झाली तर काही वर्षांत कमान खचते. या दोन चुकांमधल्या अरुंद जागेत आर्चटॉपचा आवाज जन्म घेतो.

व्हायोलिनची ही युक्ती गिटारला लावण्याचे श्रेय प्रामुख्याने ऑर्व्हिल गिब्सन (जन्म १८५६) यांना दिले जाते. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलामझू या गावी ते कोरीव तबलीची मँडोलिने आणि गिटारी घडवीत, १८९८ मध्ये त्यांना मँडोलिनच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि १९०२ मध्ये त्यांच्या नावाने कंपनी निघाली. पण आज आर्चटॉप म्हटल्यावर जे रूप डोळ्यांपुढे येते ते १९२२ मधल्या ‘एल-५’ या गिटारचे, जी लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली तयार झाली. लोर स्वतः वादक होते आणि ध्वनिशास्त्राचे जाणकार होते. त्यांनी तबलीच्या मधल्या गोल किंवा लंबगोल छिद्राऐवजी इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या वळणाची दोन छिद्रे कडेला दिली, म्हणजे तबलीचा मधला भाग अखंड राहून मोकळेपणाने कंप पावू लागला. १९२४ च्या अखेरीस ते कंपनीतून बाहेर पडले. त्यांच्या सहीची चिठ्ठी ज्या थोड्या वाद्यांच्या पोटात आजही आहे, त्या वाद्यांकडे संग्राहक ज्या आदराने पाहतात तो आदर अनाठायी म्हणता येत नाही.

हे सारे परिश्रम आवाज मोठा व्हावा म्हणून होते. नृत्यगृहांतल्या वाद्यवृंदात लय धरण्याचे काम तोवर बँजोकडे होते, कारण ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनांच्या गजरात साधी गिटार ऐकूच येत नसे. आर्चटॉपचा स्वर मात्र आघाताबरोबर एकदम उसळतो, मधल्या पट्टीत दाट असतो आणि लगेच ओसरतो, म्हणून तो वृंदाला भेदून श्रोत्यापर्यंत पोहोचे. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत फ्रेडी ग्रीन यांनी अशाच गिटारवर मात्रेमागून मात्रा, बहुतेक वेळा एकही एकल तुकडा न वाजवता, वाजवली. त्यांचा स्वर वेगळा काढून ऐकू गेल्यास जेमतेम सापडतो, पण तो नसता तर सारा वृंद सैल पडला असता, आणि साथीच्या कलेचे एवढे निर्मळ उदाहरण कोणत्याही संगीतात विरळाच. दुसऱ्या टोकाला व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या मेबेल कार्टर आहेत. १९२८ च्या सुमारास घेतलेल्या एल-५ वर त्या अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल आणि बोटांनी वरच्या तारांवर लय असे एकाच वेळी वाजवीत. शहरी नृत्यगृहासाठी घडलेले वाद्य त्यांनी लोकगीतांच्या दारात नेले आणि जन्मभर वापरले. आज ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयात आहे.

आवाजाच्या मागणीबरोबर खोकी रुंदावत गेली. १९३४ मध्ये गिब्सनची अठरा इंच रुंदीची ‘सुपर ४००’ आली, जिच्या नावातच तिची डॉलरमधली किंमत होती. न्यू यॉर्कच्या केनमेअर रस्त्यावर १९३२ पासून जॉन डीॲन्जेलिको यांनी आपल्या छोट्या कार्यशाळेत एकेक गिटार हाताने घडवून तिची नोंद वहीत केली, आणि १९६४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या गिटारींची संख्या १,१६४ होती. एखादा मोठा कारखाना जेवढी वाद्ये अल्पकाळात बाहेर काढील तेवढीच त्यांच्या आयुष्यभराची कमाई, पण तिच्यातले प्रत्येक वाद्य त्यांच्या हाताखालून गेलेले. दरम्यान १९३६ मध्ये ‘ईएस-१५०’ ही तारांच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारा पिकअप बसवलेली गिटार बाजारात आली, चार्ली ख्रिश्चन यांनी तिच्यावर सॅक्सोफोनसारखे लांब एकल तुकडे वाजवून दाखवले, आणि केवळ लाकडाच्या बळावर मोठा आवाज काढण्याची गरज हळूहळू उरली नाही. एल-५ पासून इथपर्यंत अवघी चौदा वर्षे होतात. वाद्याचे कारण इतक्या लवकर सरले, तरी वाद्ये टिकली, आणि आज जीर्णोद्धार होऊन नव्या हातांत येतात ती हीच.

अशी गिटार घेऊ पाहणाऱ्याने नावापेक्षा लाकूड वाचावे. प्रसिद्ध नावांची किंमत सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर गेली आहे, पण त्याच काळातल्या कमी सजावटीच्या गिटारीही कोरीव तबलीच्या असू शकतात, आणि शिंपल्याची नक्षी नसल्याने आवाजात काही उणे होत नाही. दिवा आणि दंतवैद्याचा छोटा आरसा एफ-छिद्रातून आत धरला की आधारपट्ट्या सुटल्या आहेत का, तबलीला तडा आहे का, पूर्वी कुणी घाईने दुरुस्ती केली आहे का, हे दिसते. कमान घोडीखाली खचलेली नाही ना, हे बाजूने डोळा लावून पाहावे लागते. सर्वांत फसवा शत्रू म्हणजे काठाच्या पट्ट्या आणि तारांखालची रक्षकपट्टी ज्यापासून करीत ते सेल्युलॉइड. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या मिश्रणातून बनते, म्हणून जुन्या पेटीचे झाकण उघडताच कधी कधी देवघराची आठवण देणारा वास येतो. परंतु ते कुजू लागले की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात, पट्टी भुगा होते, जवळचे धातूचे भाग गंजतात आणि त्या वाफा बंद पेटीत कोंडल्या जात असल्याने जपून ठेवलेले वाद्यच अधिक बिघडते. वाजवलेल्या वाद्याला मोकळी हवा मिळते. न वाजवलेले वाद्य सुरक्षित असते हा समज इथे अगदी शब्दशः खोटा ठरतो.

जीर्णोद्धाराची खरी कसोटी काय करायचे याइतकीच काय करायचे नाही यात आहे. जुन्या कारागिरांनी सांधे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडले, आणि सरस ऊब व ओल मिळताच सुटतो, हा त्याचा दोष नसून पुढच्या पिढीच्या कारागिरावर केलेला उपकार आहे. वर्षानुवर्षांच्या ताणाने दांडीचा कोन बदलून तारा पडद्यांपासून फार उंच गेल्या असतील, तर दांडी आणि खोके यांचा सांधा वाफेने सैल करून दांडी पुन्हा योग्य कोनात बसवता येते. तोच सांधा कुणी आधुनिक रासायनिक गोंदाने भरला असेल, तर लाकूड फोडल्याशिवाय मार्ग राहत नाही. तबलीचा तडा सरसाने मिटवून आतून स्प्रूसचे नखाएवढे तुकडे आडव्या रेषांनी चिकटवतात, आणि हे सारे बोटभर रुंद छिद्रातून, आरशातले उलटे प्रतिबिंब पाहत करावे लागते. झिजलेले पडदे बदलले तर कुणाचा आक्षेप नसतो, कारण पडदे झिजण्यासाठीच असतात. मात्र तबलीवरचा जुना लेप, त्याच्या जाळीदार भेगा आणि मनगटाने घासून उघडी पडलेली जागा यांना हात लावू नये. नव्या लेपाने वाद्य चकचकीत होते, पण त्यासाठी जुना थर खरवडताना लाकूडही थोडे निघून जाते, आणि ज्या जाडीवर कारागिराच्या कानाने शिक्कामोर्तब केले होते ती जाडी पुन्हा कधीच मिळत नाही.

तारा चढवून पहिला झंकार काढला की कित्येकांची क्षणभर निराशा होते, कारण सपाट गिटारचा लांबत जाणारा, घोळणारा नाद इथे नसतो. स्वर उमटतो, आपले पूर्ण रूप दाखवतो आणि जातो. हळूहळू कान त्या अल्पायुष्याला सरावतो आणि मग उमगते, की स्वर लवकर ओसरतो म्हणूनच दाट स्वरसंगतीतला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो, एकाच्या अंगावर दुसरा सांडत नाही, आणि दोन आघातांमधली शांतताही लयीचा भाग बनते. भरलेल्या सभागृहात पितळी वाद्यांवर मात करण्यासाठी घडलेली ही गिटार आज लहानशा खोलीत, हातभर अंतरावरून ऐकली जाते. तिच्या निर्मात्यांना अभिप्रेत नसलेले हे सान्निध्य तिच्या स्वराचे असे बारकावे उलगडते, जे त्या काळच्या नर्तकांपर्यंत क्वचितच पोहोचले असतील. भारतात ब्रिजभूषण काबरा यांनी तर नेमकी सुपर ४०० मांडीवर आडवी घेतली, तारा उंच करून, सुरासाठी जादा तार जोडून तिच्यावर धातूच्या पट्टीने मींड काढली, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ती रागसंगीतात बोलती केली. मात्रा मोजण्यासाठी जन्मलेल्या वाद्याकडून आलापाची अपेक्षा करणे हे मोठे धाडस होते, आणि ते ज्या सहजतेने तडीस गेले त्यात वादकाइतकीच त्या कमानीचीही पुण्याई मानावी लागेल.

कोकणपट्टीसारख्या दमट प्रदेशात आलेल्या आर्चटॉपला पावसाळा लगेच जाणवतो; लाकूड ओल शोषून आडव्या अंगाने फुगते, कमान किंचित वर येते, तारा बोटांना कडक लागतात, आणि घोडीच्या दोन बाजूंची छोटी चाके फिरवून तिची उंची कमी करावी लागते. तारा बदलताना त्या एकेक करूनच बदलतात, कारण सगळ्या एकदम सोडल्या तर घोडीला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. ती हललीच, तर बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून मिळणारा स्वर आणि त्याच पडद्यावर तार दाबून मिळणारा स्वर तंतोतंत एक होईपर्यंत घोडी मागेपुढे सरकवावी लागते. जुन्या गिटारच्या तबलीवर, लेपात उमटलेले, घोडीच्या दोन पायांचे फिकट ठसे बहुधा आधीपासूनच असतात. नवा वादक त्यांच्याकडे न पाहता, केवळ कानाने जागा शोधतो, आणि दोन्ही स्वर जुळल्यावर दिवा जवळ आणतो तेव्हा घोडी त्या ठशांवरच उभी असते, किंवा आजच्या तारा थोड्या बारीक असतील, तर त्यांच्यापासून केसभर पुढे.