फूल कुठल्या काडीवर?

भिंगार हे नगरजवळचं छावणीचं गाव. बदलीवर आलेलं कुटुंब कुंपणाला वेल लावतं, काही वर्षांनी पुढच्या गावी निघून जातं आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला नाव माहीत नसलेली हिरवी गर्दी येते. मग आधी नावाची चौकशी होते आणि लगोलग कात्री चालते. माझं म्हणणं असं, की अनोळखी वेलीचं नाव उशिरा कळलं तरी चालेल. तिला फूल कुठल्या काडीवर आणि कुठल्या महिन्यात येतं, हे आधी कळायला हवं. तोवर जोराची छाटणी करू नये.

ही गोष्ट आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला कुणी शिकवावी लागत नाही. एप्रिलमध्ये तो खरड छाटणी करतो, ती काडी तयार व्हावी म्हणून; ऑक्टोबरमध्ये गोड छाटणी करतो, ती घड बाहेर यावा म्हणून. घड उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात आकार घेऊ लागलेला असतो. म्हणून ऑक्टोबर छाटणीपूर्वी अनेकजण काडी तपासून घेतात, घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहतात आणि मगच कुठे कापायचं ते ठरवतात. फुलवेलींचा हिशेबही असाच असतो, पण कुंपणाच्या वेलीला ही कदर मिळत नाही. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत सगळं कुंपण एका उंचीवर सपाट केलं जातं. त्यात मधुमालती असेल तर फारसं बिघडत नाही. तिला फूल नव्या फुटीवर येतं, उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. तिची छाटणी हिवाळा सरताना केली तर उलट बहर वाढतो. पण शेजारी संक्रांतवेल असेल तर त्याच कात्रीने तिचं पूर्ण वर्ष जातं. पावसाळ्यात वाढलेल्या लांब फांद्यांच्या शेंड्यांवर जानेवारी-फेब्रुवारीत तिचे नारिंगी झुबके येतात. ऑक्टोबरमध्ये शेंडे गेले की संक्रांतीला नुसती पानं उरतात, आणि दोष खताला नाहीतर जमिनीला दिला जातो. ती कापायची बहर ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये.

फूल नसतानाही वेल बरंच सांगते. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींवर मोठा निबंध लिहिला. त्यात त्याने त्या कशा चढतात यावरून त्यांची वर्गवारी केली आहे: काही खोडाने वेढे घेतात, काही पानांच्या किंवा ताण्यांच्या आधाराने जातात, काही आकड्यांनी अडकतात, काही मुळांनी चिकटतात. अनोळखी वेलीपुढे उभं राहून हेच आधी पाहावं. संक्रांतवेलीच्या संयुक्त पानातलं मधलं दल पुष्कळदा नाहीसं होऊन तिथे तीन टोकांचा ताणा आलेला दिसतो. कृष्णकमळाचा ताणा एकेरी, पानाच्या बगलेतून निघणारा. मधुमालतीला ताणा नाहीच. पान गळल्यावर देठाचा बुडखा काट्यासारखा राहतो आणि त्याच्या आधारे ती वर जाते. जुईच्या पानाच्या बुडाशी कानासारखी दोन चिमुकली दलं असतात, तर जाईचं पान पिसासारखं अनेक दलांचं. पान चुरगळल्यावर लसणाचा वास आला तर ती लसूणवेल. हे सगळं दहा मिनिटांत पाहता येतं.

यावर कुणी म्हणेल, आता फोनवर फोटो काढला की नाव मिळतं, मग इतका खटाटोप कशाला? नाव मिळतं, हे खरं. पण नुसत्या पानाच्या फोटोवरून आलेलं नाव पुष्कळदा कुळापर्यंतच बरोबर असतं. शिवाय त्या नावाखाली मिळणारा छाटणीचा सल्ला बर्फाच्या देशातला असला, तर तो इथे लागू पडत नाही; तिथल्या वेलीची विश्रांती हिमाची आणि आपल्याकडची कोरड्या दिवसांची. नगरला वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बोगनवेल इथे इतकी खुलते ती या कोरडेपणामुळेच. पाण्याचा ताण बसला की ती फुलते, आणि दयेपोटी तिला रोज पाणी घातलं की पानंच पानं येतात. रंगीत दिसतात ती तिची फुलं नव्हेतच, आतली पांढरट नळी हे खरं फूल.

दुसरा आक्षेप मला जास्त रास्त वाटतो. वर्षभर थांबायचं म्हटलं तर वेल कौलं उचकटेल, खिडकी झाकेल, त्याचं काय? तर थांबायचं म्हणजे हात बांधून बसायचं नव्हे. वाळलेल्या, किडक्या, एकमेकींत गुरफटलेल्या फांद्या केव्हाही काढाव्यात. कौलात शिरणारी फांदी बुडापासून काढावी. शेंडे मात्र सरसकट कातरू नयेत. फारच गर्दी असेल तर तीनांतलं एक जुनं खोड यंदा, एक पुढच्या वर्षी. शक्य असेल तर अर्धी बाजू छाटावी आणि अर्धी राखावी. बहराच्या दिवसांत दोन्ही बाजू पाहिल्या की कुठल्या काडीला फूल येतं त्याचं उत्तर समोर दिसतं. मोगरा-जुईची शेतीही याच ज्ञानावर चालते. मोगरा नोव्हेंबरअखेर आणि जुई जानेवारीत जमिनीपासून साधारण दीड फुटावर छाटतात, कारण फूल नव्या फुटीवर येणार हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तेवढ्याच निर्दयपणे संक्रांतवेल जानेवारीत छाटणारा मात्र फुलांवरच कात्री चालवत असतो.

एका बाबतीत मात्र ओळखीची घाई करायलाच हवी. कापल्यावर पांढरा चीक गळत असेल, तर हातमोजे घालावेत आणि कापलेला पाला शेळ्यामेंढ्यांपुढे टाकू नये. पिवळ्या घंटांची ॲलमांडा अशा विषारी वेलींपैकीच. ओळख पटवण्यासाठी फुलासकट, दोन-तीन पेरांची फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवावी, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते दिसेल अशी, आणि कापल्याचा महिना कागदावर लिहावा. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवायला तेवढा नमुना पुरतो.