महाराजा आणि किलवरची दश्शी

मरोळमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला विमान नीट दाखवलं ते कॅलेंडरनं. विमानतळ शेजारी असून त्याचा फारसा उपयोग नव्हता. गच्चीवर चढलं की सहारच्या बाजूला शेपट्या दिसायच्या. एखादं धूड उठताना क्षणभर कुशीवरून दिसायचं आणि मग नुसता आवाज. जरीमरीला आत्याकडे गेलं की पोट आणि चाकं दिसत. विमान डोक्यावर आलं की आत्या वाक्य अर्धवट सोडायची आणि ते गेल्यावर नेमकी त्याच शब्दापासून पुढे बोलू लागायची.

खिडक्या मात्र आम्ही चित्रातच पाहिल्या. 1971 साली एअर इंडियाचं पहिलं जंबो, ‘एम्परर अशोका’, मुंबईत आलं. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून लाल झरोका रंगवलेला होता. विमान म्हणजे उडता राजवाडा, असं जाहिरात सांगायची आणि आम्ही ते निमूट मान्य केलं होतं. आत जाऊन खातरजमा करण्याची सोय घरात कोणालाच नव्हती.

ही चित्रं घरी यायची ती आमच्या मजल्यावरच्या काकांमुळे. ते विमानतळावर लोडर होते. डिसेंबर सरत आला की त्यांच्या दाराशी कॅलेंडरासाठी घुटमळणं हा आमचा वार्षिक कार्यक्रम. शिवाय हातपंखे, रेक्झिनची खांद्याला लावायची बॅग आणि पत्ते. बॅग थोरल्या दादाची शाळेत न्यायची. ती पुढे दोघांना पुरली, तिच्यावरच्या एअर इंडियाच्या शुभंकराच्या, महाराजाच्या, मिशा पार पुसून गेल्या तरी. पंखे लाइट गेल्यावर निघायचे.

पत्त्यांची कथा वेगळी. मे महिन्यात दुपारभर मेंढीकोट चालायचा आणि एका सुट्टीत नेमकी किलवरची दश्शी हरवली. आता मेंढीकोटात दश्शी नाही म्हणजे खेळच नाही. काकूंनी पोस्टकार्ड मापात कापलं, निळ्या पेनानं किलवर काढलं आणि मागच्या बाजूला आपल्या हातानं महाराजा रेखाटला. पगडी बरी जमली, पोट फारच सुटलं. त्या पाठीवरून दश्शी कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसायचं. तरी ती दिसत नाही असं धरून आम्ही वर्षानुवर्षं खेळलो. एवढी प्रामाणिक लबाडी पुढे कुठल्या खेळात केली नाही.

खरा महाराजा 1946 सालचा. एअर इंडियाचे बॉबी कूका यांची कल्पना आणि जाहिरात संस्थेतले चित्रकार उमेश राव यांचा हात. एअर इंडिया चित्रंही विकत घेत असे. सुरुवातीच्या खरेदीत नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा यांची चित्रं होती. त्यांच्या कोळणी पुढे नावाजल्या. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्या लेखी एअर इंडियाची चित्रकला म्हणजे काकूंची दश्शी.

1978 च्या 1 जानेवारीला रात्री ‘एम्परर अशोका’ वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. 213 माणसं गेली. नव्या वर्षाचं कॅलेंडर नुकतंच भिंतीवर लागलं होतं. आजीनं ते उतरवलं आणि कोणी विचारलं नाही.

हे सगळं निघालं ते भाच्याच्या पॉवर बँकेवरून. त्यानं मरोळच्याच एका छपाईवाल्याकडून तिच्यावर जंबोचं चित्र चिकटवून घेतलंय: लाल झरोके, पुढे वाकलेला महाराजा. त्याचा जन्म व्हायच्या आधीच कॅलेंडरं संपली होती. फोटो घरच्या ग्रुपवर आला आणि आम्हा पन्नाशी-साठीतल्यांना कंठ फुटला. बॅग कोणाची, पंखा कोणी मोडला, यावर दोन दिवस तंटा. एअर इंडियानं 2023 मध्ये नवं बोधचिन्ह काढलं तेही खिडकीच्या चौकटीवरून, असं भाच्यानं मध्येच कळवलं. कोणी लक्ष दिलं नाही.

चित्र सुरेख आहे, फक्त चुकीच्या जागी आहे. पॉवर बँक मोठ्या सामानात टाकता येत नाही, जवळच्या बॅगेतच न्यावी लागते आणि साधारण 100 वॅट-तासांपर्यंत विनापरवानगी चालते. याची 20,000 मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे 3.7 व्होल्टनं गुणलं की 74, बिनघोर जाईल. पण तो आकडा छापलाय नेमका महाराजाच्या पगडीखाली आणि तपासणीला उभा असलेला माणूस पगडी उचलून बघणार नाही. भाचा पुढच्या महिन्यात दुबईला निघालाय. मरोळ नाक्यावरून मेट्रो-3 धरली की पुढचंच स्टेशन विमानतळाचं टी-2, त्यामुळे निरोपाला टॅक्सी भरून माणसं जाण्याचा प्रश्नही मिटला.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. ग्रुपवर त्यांनी एवढंच लिहिलं: ‘पोट माझ्यापेक्षा बरं काढलंय. चित्र मागं लाव, आकडा पुढं राहू दे.’