नव्वदाव्या मजल्यावरची झोप

नव्या इमारतीच्या जाहिरातीत आर्किटेक्टचं नाव ठळक छापलेलं असतं. आरसीसी कन्सल्टंट असतो खाली कोपऱ्यात, बारीक टायपात. आणि इमारत उभी राहते ती त्या बारीक टायपाच्या जिवावर. फझलुर रहमान खान याच जमातीतले. जन्म ढाक्याचा, १९२९ चा. १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर इलिनॉयला गेले आणि तीन वर्षांत दोन मास्टर्स, वर डॉक्टरेट! ढाका तेव्हा पाकिस्तानात. मग मायदेशाच्या ओढीने कराचीत नोकरी धरली. पण तिथल्या फायलींत जीव रमेना. १९६० मध्ये पुन्हा अमेरिकेत, शिकागोला, ते कायमचंच.

उंच इमारतीला वजनापेक्षा वारा जास्त छळतो. पूर्वी आतमध्ये खांब-तुळयांचं जंगल उभारून त्याला तोंड द्यायचे. मजले वाढले की पोलादाचा खर्च अवाच्या सवा वाढे. खानांनी ताकद बाहेरच्या भिंतीत आणली. बांबूच तो, आतून पोकळ आणि तरी ताठ. शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरच्या अंगावर त्यांनी बाहेरून भल्यामोठ्या फुल्या मारल्या. ११० मजली सिअर्स टॉवरसाठी तर असे नऊ नळे एकत्र बांधले.

मला मात्र खान आवडतात वेगळ्याच कारणासाठी. हॅनकॉकच्या ४४ ते ९२ या मजल्यांवर लोकांची घरं होणार होती. ऑफिसातला माणूस संध्याकाळी खाली उतरतो. इथे पोरंबाळं रात्रभर झोपणार. इमारत पडणार नाही, एवढं गणित सांगत होतं. पण ती किती डोलली तर अंथरुणातल्या माणसाला भोवळ येईल? ते गणितातून निघेना. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात वॉशिंग मशीनच्या प्रदर्शनासाठी एक फिरता मंच होता. खानांनी त्यावर माणसं उभी केली, बसवली, चक्क आडवी केली, आणि हालचाल केव्हा जाणवते ते विचारून घेतलं. एवढ्या मोठ्या इमारतीचा हिशेब असा एखाद्याच्या झोपेपासून धरणारा इंजिनिअर विरळा.

घरी ऑस्ट्रियात जन्मलेली बायको, लिझेलोट्टे, आणि लेक यास्मिन. शिवाय रवींद्रसंगीताचं वेड. १९७१ मध्ये इकडे सिअर्स टॉवरचे मजले चढत होते आणि तिकडे बांगलादेश मुक्तियुद्धात ढाका पेटलेलं. खानांनी शिकागोत बांगलादेशासाठी मदतसंस्था काढली. दोन्ही कामं एकाच डोक्यात कशी मावली असतील, देव जाणे.

गगनचुंबी इमारतींच्या या माणसाने पुढे जेद्दाहच्या विमानतळावर हज यात्रेकरूंसाठी तंबू उभारले. कापडी छताचे, एकूण २१०. त्याच जेद्दाहमध्ये मार्च १९८२ मध्ये हृदयविकाराने त्यांना गाठलं. वय अवघं ५२. दफन शिकागोत झालं.

यास्मिनही पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरच झाली. २००४ मध्ये तिने वडिलांच्या कामावर पुस्तक लिहिलं. त्यात वडिलांच्या आठवणींपेक्षा इमारतींची चिकित्साच जास्त आहे. त्यांच्या घरात हेच चालत असणार, असं ते वाचताना खुशाल समजावं.