विमानांच्या जुन्या वाटा

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक सरळ रेघ उभी राहते. या शहरातून निघाले, त्या शहरात उतरले. मध्ये काय ते ढग आणि मोकळे आकाश. पक्ष्याला जशी वाट विचारावी लागत नाही तशी विमानालाही लागत नसावी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु जुन्या विमानमार्गांची माहिती जमविण्याचा छंद मला तरुणपणापासून जडला आणि या समजुतीत फारसे तथ्य नाही असे मला आढळून आले. विमानाची वाट आकाशात नव्हे, जमिनीवर ठरते. पाणी कोठे आहे, तेल कोठे मिळेल, रात्र कोठे पडेल आणि कोणत्या राजाची कोणत्या राजावर मर्जी आहे, यांवर ती रेघ वाकते, तुटते, कधी पुन्हा जुळते.

या छंदाचे मूळ आमच्या घरातील एका पत्र्याच्या डब्यात आहे. माझे थोरले काका 1930 नंतर काही वर्षे बसऱ्याला एका तेल कंपनीत कारकून होते. आपल्या गोव्याकडची आणि बेळगावाकडची कितीतरी माणसे त्या काळी पोटापाण्यासाठी बसरा, आबादान या बाजूला गेलेली असत. काकांनी आजीला धाडलेली पत्रे त्या डब्यात होती. मजकूर नेहमीचाच: खुशाली, पैसे पाठविल्याची वर्दी, धाकट्यांना शाळा न चुकविण्याची ताकीद. पण काही पाकिटांवर विमान-टपालाची निळी चिठ्ठी चिकटविलेली होती, आणि त्यांवर कराचीचा शिक्का दिसे. बसऱ्याहून बेळगावला यावयाचे पत्र कराचीला कशाला गेले, हा प्रश्न मला पडला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता माझे अर्धे आयुष्य सरले.

इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारी पहिली नियमित विमानसेवा 30 मार्च 1929 रोजी इंपीरियल एअरवेज कंपनीने सुरू केली. लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत सात दिवस लागत आणि भाडे होते 130 पौंड. आता या 'विमानप्रवासा'ची हकीगत ऐकावी. पहिल्या टप्प्यात विमानाने स्वित्झर्लंडातील बाझेल गाठावयाचे. तेथे सर्व उतारूंनी खाली उतरून चक्क आगगाडीत बसावयाचे! पुढे आल्प्स पर्वत आडवा, शिवाय इटलीच्या हवाई हद्दीविषयी तंटा. म्हणून रात्रभर आगगाडीने जिनोव्हा बंदर गाठीत. तेथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया, आणि तेथे पुन्हा विमान बदलून गाझा, बगदाद, बसरा अशा मजला मारीत इराणच्या किनाऱ्याकिनाऱ्याने कराची. हिंदुस्थानचे दार त्या वेळी मुंबई नव्हते, कराची होते. काकांच्या पाकिटावरील शिक्क्याचा उलगडा तो हाच.

या वाटेवरील वाळवंटाचा भाग मला सर्वांत मौजेचा वाटतो. पॅलेस्टाइनकडून बगदादकडे जाताना शेकडो मैल खाली ना नदी, ना गाव, ना झाड. वैमानिकाने दिशा ओळखावी कशी? यावर 1921 सालीच ब्रिटिश हवाई दलाने जो उपाय शोधला तो आपल्या शेतकरी वाचकांना खचित आवडेल. त्यांनी वाळवंटातून मोटारी नेऊन त्यांच्या चाकोऱ्या उमटविल्या आणि जेथे चाकोऱ्या नीट उमटत ना तेथे नांगर घालून तास काढले. आकाशातील वैमानिक त्या तासावर नजर ठेवून विमान हाकी! वाटेत ठरावीक अंतरांवर मोठी वर्तुळे आखून उतरण्याच्या जागा केलेल्या होत्या. पेरणीवाचूनच्या त्या नांगरटीचे पीक म्हणजे बसरा-बगदादची टपाल-पाकिटे, असे मी गमतीने म्हणत असतो.

पुढे इराण सरकारशी बिनसले. किनाऱ्यावरून उडण्याची परवानगी पुढे चालू राहीना, तेव्हा 1932 साली ती सारी वाट उचलून समुद्राच्या पलीकडे अरबी किनाऱ्यावर नेण्यात आली. तेथे शारजा नावाचे एक लहानसे गाव होते. तेथल्या शेखाशी करार झाला, उतारूंच्या रात्रीच्या मुक्कामासाठी एक गढीवजा विश्रामगृह उभे राहिले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात 'हॅनो' नावाचे विमान वाळूत उतरले. आज आपल्याकडील कित्येक तरुण शारजात नोकरीस आहेत. तेथे किंग अब्दुल अझीझ नावाचा मोठा रस्ता आहे. जुनी धावपट्टी ती हीच, आणि ती गढी आता संग्रहालय झाली आहे. तेथे असणाऱ्यांनी एखाद्या सुटीच्या दिवशी अवश्य पाहून यावी.

'हॅनो' ज्या जातीचे विमान होते त्या जातीची एकंदर आठच विमाने बांधली गेली. दुमजली पंख, चार यंत्रे, पंखांचा विस्तार 130 फूट आणि वेग तासाला अवघा 100 मैलांच्या आसपास. गती बैलगाडीची, पण भरवसा मोठा. 1931 पासून दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत त्यांतील एकाही उतारूचा अपघातात जीव गेला नाही, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मात्र त्यांपैकी 'हॅनिबल' हे विमान 1 मार्च 1940 रोजी ओमानच्या आखातावर आठ माणसांसह नाहीसे झाले. विमानाचा सांगाडा मिळाला नाही, माणसे मिळाली नाहीत, कारणही कळले नाही. त्यांत मद्रासचे सर ए. टी. पन्नीरसेल्व्हम होते. जस्टिस पक्षाचे हे पुढारी आपल्याच कॅथलिक समाजातले. लंडनला भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून रुजू होण्यास ते निघाले होते. आपल्या घरांत त्यांचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नसावे, म्हणून मुद्दाम नोंदविले.

याच सुमारास मुंबईचे काय चालले होते, असे कोणी विचारील. मुंबई मुख्य वाटेवर नव्हती. तिला फाटा होता. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एका यंत्राचे चिमुकले 'पस मॉथ' विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणले. अहमदाबादला त्यात भरावयाचे तेल बैलगाडीतून आणलेले होते. पुढे बळ्ळारीवरून मद्रासपर्यंत ते विमान नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने नेले. जुहूचा तळ पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा संसार पुण्याला हलवावा लागे. पाऊस पडला की बिऱ्हाड बदलणारी ही विमानसेवा पुढे एअर इंडिया झाली. टाटांनी 1962 साली आणि पुन्हा 1982 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, कराची-मुंबई हे उड्डाण तसल्याच लहान विमानातून करून दाखविले.

आता ग्वाल्हेरकर वाचकांसाठी एक गोष्ट. 1938 च्या सुमारास इंपीरियल एअरवेजने या मार्गावर मोठमोठ्या उडत्या नौका आणल्या. ही खरीखुरी दुमजली विमाने, परंतु चाकांऐवजी त्यांचे पोटच होडीसारखे असे आणि ती पाण्यावर उतरत. कारण सरळ होते. विमान जड झाले की त्याला लांब आणि टणक धावपट्टी हवी; तशा पट्ट्या बांधण्यास पैसा आणि वेळ लागतो. पाणी मात्र देवाने सगळीकडे सपाट करून ठेवले आहे! पण कराचीपासून कलकत्त्यापर्यंत समुद्र कोठला? म्हणून तलाव शोधण्यात आले. पहिला मुक्काम मेवाडातील राजसमंद सरोवर, दुसरा ग्वाल्हेरचा माधोसागर, म्हणजे तिघऱ्याच्या धरणाचे पाणी, आणि तिसरा अलाहाबादची नदी. शिंदे सरकारांच्या राज्यातील तलाव अशा रीतीने लंडन आणि सिडनी यांच्यामधला एक थांबा झाला. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्राची वाट बंद पडली. मग टपाल इंग्लंडहून आगबोटीने आफ्रिकेला वळसा घालून दरबानला जाई आणि तेथून उडत्या नौका कैरो, कराची, ग्वाल्हेर, कलकत्ता करीत सिडनीला नेत. नकाशावर ही वाट घोड्याच्या नालासारखी दिसे आणि नावही तेच पडले. सिंगापूर पडल्यावर तो नालही तुटला.

त्यानंतर ऑस्ट्रेलिया जोडण्यासाठी 1943 पासून जे केले गेले त्याला तोड नाही. पर्थहून सिलोनपर्यंत मध्ये कोठेही न थांबता, जपान्यांच्या नजरेआड, बिनतारी यंत्र मुके ठेवून कॅटालिना जातीच्या उडत्या नौका जाऊ लागल्या. उतारू जास्तीत जास्त तीन. उड्डाणास 28 ते 32 तास लागत, त्यामुळे एकाच प्रवासात सूर्य दोनदा उगवताना दिसे. उतारूंना तसे प्रशस्तिपत्रही मिळे. मला मात्र त्या तिघांपेक्षा, इतके तास अंधारात ताऱ्यांवरून वाट काढणाऱ्या त्या नाविकाचे कौतुक वाटते.

युद्ध संपल्यावर विमाने ताकदवान झाली, आणि येथूनच माझ्या आवडत्या गावांची उतरती कळा लागली. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले, ते वाटेत फक्त कैरो आणि जिनिव्हा येथे थांबले. कराची नाही, बसरा नाही, शारजा नाही. सात दिवसांची वाट दीड-दोन दिवसांच्या आत आली आणि निम्मी गावे वेळापत्रकातून एका रात्रीत पुसली गेली. तेच विमान 3 नोव्हेंबर 1950 रोजी जिनिव्हाजवळ आल्प्समधील मों ब्लां शिखरावर आदळले आणि आतली 48 माणसे दगावली. 1966 साली डॉ. होमी भाभांना नेणारे 'कांचनजंगा' हे बोईंग विमानही त्याच डोंगरावर कोसळले. तेथल्या हिमनदीने 2012 साली 'कांचनजंगा'मधील सरकारी टपालाची एक पिशवी परत दिली. पत्र उशिरा पोहोचण्याची इतकी मोठी गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही. जेट विमानांनाही वाटेत थांबे लागत, ते वेगळेच. 1964 साली मुंबईच्या युखरिस्तिक परिषदेसाठी पोप सहावे पॉल एअर इंडियाच्या बोईंगमधून आले, तेव्हा वाटेत बैरुतला उतरले होते.

एका गावाला मात्र या काळात मान मिळाला. ते नागपूर. 30 जानेवारी 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीनंतर चौघेही नागपूरला भेटत. तेथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि जो तो पहाटेपर्यंत आपल्या घरी परते. नागपूर हे त्या चारही शहरांपासून सव्वाचारशे ते सहाशे मैलांवर, अगदी मधले. युद्धातून उरलेली डाकोटा विमाने त्या कामी होती. दिवसा धनी लोकांना नेणाऱ्या विमानापेक्षा, रात्री गोरगरिबांची पत्रे वाहणारे हे विमान मला अधिक आदराचे वाटते; कारण 1 एप्रिल 1949 पासून साध्या पाकिटालाही जादा पैसे न भरता विमानाची वाट खुली झाली होती. ती सोय फुकट मिळाली नव्हती. 12 डिसेंबर 1953 च्या रात्री नागपूरहून उडताच एक डाकोटा कोसळले, आणि त्यातून एकटा वैमानिक वाचला. ही सेवा 1970 नंतरच्या दशकात बंद झाली.

शेवटी गोव्याची वाट, जिचा संबंध आमच्या घराशी अधिक जवळचा. 1955 साली गोव्याची सीमा बंद झाली, आगगाडी थांबली आणि परवान्यावाचून इकडचा माणूस तिकडे जाईना. त्याच वर्षी पोर्तुगीज सरकारने दाभोळीचा विमानतळ उघडला आणि 'टाइप' नावाची आपली विमान कंपनी काढली. तिची लहान 'हेरॉन' विमाने आणि मागून आलेली मोठी विमाने भारताची भूमी टाळून समुद्रावरून दमण, दीव आणि कराचीला जात. माझी आत्या मडगावला दिलेली. तिचा थोरला मुलगा कराचीला नोकरीस होता. या सहा वर्षांत ती मुलाकडे दोनदा विमानाने जाऊन आली. सकाळी निघे ती दिवस मावळण्यापूर्वी मुलाच्या दारात. आणि आमचे घर, जे तिच्या घरापासून शंभर मैलही नव्हते, तेथे तिला आजीच्या अंत्यविधीलाही पोहोचता आले नाही. बाबांनी तार केली होती. तिचे उत्तर आले तेव्हा नवव्या दिवसाची प्रार्थनाही होऊन गेली होती.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. रात्रीच्या अंधारात, उरलेल्या तुटक्या पट्टीवरून दोन मोठी प्रवासी विमाने कशीबशी उडाली आणि कराचीला निसटली. 'टाइप'चा मार्ग तेथे संपला. पुढे गाडी सुरू झाली तेव्हा आत्या लोंढ्याला गाडी बदलून बेळगावला आली. फलाटावर बाबांनी तिच्या हातातील ट्रंक घेतली, त्या ट्रंकेवर कराचीच्या विमानाची कागदी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. घरी आल्यावर तिने आधी आजीचा डबा मागून घेतला आणि काकांची पत्रे एकेक करून वाचीत बसली.