भिंतीवरचा डोळा

दोन वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली आणि दुपारभर तशीच पडून राहिली. मी ऑफिसात. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, “आलीस? आधी चहा टाक.” हाड मोडलं नव्हतं; पण त्याच रविवारी मी बाहेरच्या खोलीत कॅमेरा बसवून घेतला. बसवणारा मुलगा म्हणाला, “ताई, आता लोकलमध्ये बसूनही आई दिसतील.”

दिसायची खरी. डोंबिवलीची गर्दी कितीही असो, एका हाताने दांडी धरून मी मोबाइलवर बघायचे. आई गवार मोडतेय, डुलकी काढतेय. आईला मात्र तो डोळा कधी आवडला नाही. साडी नीट करायची झाली तरी ती स्वयंपाकघरात जायची. मी हसायचे.

गेल्या महिन्यात घरातल्या यंत्रांच्या सुरक्षिततेवर लिहायचं काम माझ्याकडे आलं. वाचायला बसले आणि २०१६ सालच्या ‘मिराई’पाशी अडखळले. मिराई हा एक उपद्रवी प्रोग्रॅम. तो इंटरनेटवर घरोघरचे कॅमेरे आणि राउटर शोधत फिरायचा आणि साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून बघायचा. कसली हुशारी नाही; कारखान्यातून येतात तेच पासवर्ड! लोक ते बदलत नाहीत, एवढ्या एका भरवशावर लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांनी एकाच वेळी अमेरिकेतल्या ‘डाइन’ या कंपनीवर खोट्या मागण्यांचा मारा केला. वेबसाइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता सांगायचा, हे डाइनचं काम. ते कोलमडलं आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना तासन्‌तास उघडेनात. मिराई लिहिणारी तिघं विशी-एकविशीची पोरं होती. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या धंद्यातली चढाओढ हे त्यांचं मूळ कारण! डिसेंबर २०१७ पर्यंत त्यांनी गुन्हा कबूल केला, पण त्याआधीच प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला करून टाकला होता. त्याची पिलावळ अजून फिरते आहे.

आपल्याकडेही जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम अशाच एका प्रोग्रॅमने बंद पाडले. सापडले ते मूळचा पासवर्ड न बदललेले.

मला खरा धक्का बसला तो पुढेच. चीनच्या ‘शिओंगमाई’ कंपनीचे भाग असलेल्या काही कॅमेऱ्यांत एक पासवर्ड सॉफ्टवेअरमध्येच कोरलेला होता. तुम्ही समोरचा पासवर्ड बदला, आतला तसाच. पुढच्या दाराला नवं कुलूप लावलं तरी परसदार उघडंच! कंपनीला अमेरिकेत विकलेला काही माल परत मागवावा लागला.

त्या रात्री मी स्टुलावर चढले. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्ड एक ते सहा आकडे. दोन वर्षं तोच. पत्रकारितेचा डिप्लोमा घेतलेली मी, लोकांना शहाणपण शिकवणारी! पासवर्ड बदलला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती शोधली, आली नव्हती. आत आणखी एखादा कोरलेला पासवर्ड आहे का, हे विकणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “नवीन मॉडेल घ्या ना, मॅडम.”

आई खालून विचारत होती, “म्हणजे कोणी बघितलं असेल का गं मला?”

मिराईला कोणाच्या घरात डोकावायचं नव्हतं, त्याला नुसती यंत्राची ताकद हवी होती, असं मी सांगितलं. ते खरं आहे. पण ज्या दाराने तो शिरतो, त्या दाराने दुसराही शिरू शकतो, हे मी बोलले नाही. तिला ते कळलं असावं. ती बराच वेळ पदर सारखा करत राहिली.

मी वायर काढली. लगेच तिने विचारलं, “आणि मी पुन्हा पडले तर?”

याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. न्हाणीघरात दांडी बसवली, एक किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. रोज अकराला आणि तीनला मी फोन करते. काल मीटिंगमध्ये अकराचा राहून गेला. साडेअकराला तिचाच आला.

“काय गं, तू पडलीस की काय?”