छत्रीपासून चारमिनारपर्यंत

मोझमजाही मार्केटकडून निघालेली पर्यटकांची बस अफजलगंजात येते, मुसीवरचा नया पूल ओलांडते आणि थेट चारमिनारच्या दिशेने सुटते. गाइड १५९१ साल सांगतो, मुहम्मद कुली कुतुबशहाचं नाव घेतो, उतरल्यावर पाकिटं सांभाळा म्हणतो. पुलाच्या अलीकडे, उजव्या अंगाला थोडं चाललं की बेगम बाजार लागतो, हे तो सांगत नाही. तिथे पाहण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटत असणार. एका परीने बरंच आहे ते.

बेगम बाजारातल्या छत्रीच्या चौकात उभं राहिलं की आधी नाक जागं होतं. मिरची, हिंग, धने. मध्येच फिनाइलचा भपका. कुठल्याशा गोदामातून येणारा नव्या प्लास्टिकचा उग्र वास. पुढे भांड्यांची दुकानं, आणि भांड्यावर नाव घालणाऱ्याच्या मशीनची ती दात शिवशिवणारी घरघर. पोत्यांनी लादलेला हातगाडा अंगावर येतो तेव्हा बाजूला व्हायचं ते आपणच; हमालाला थांबणं परवडत नाही. मान वर केली तर दुकानांच्या पाट्यांवरती जुन्या हवेल्यांचे लाकडी सज्जे, दगडी कमानी, विजेच्या तारांचं जंजाळ आणि भेगांतून उगवलेला पिंपळ. वर बघायला कुणाला वेळ नसतो. इथे आलेला प्रत्येक जण हातात यादी घेऊन आलेला असतो.

निजाम अली खान म्हणजे हैदराबादचा निजाम, दुसरा आसफजाह. त्याच्या हमदा बेगमने ही जमीन व्यापाऱ्यांना दिली, म्हणून बेगम बाजार, असं सांगतात. ज्यांनी तो वसवला ते मारवाडी, अग्रवाल, गुजराती सगळे बाहेरून आलेले. त्यातल्या गोसाव्यांचं मला फार कुतूहल वाटतं. भगवी वस्त्रं, तीर्थांच्या वाटा आणि त्याच वाटांवरून चालणारा व्यापार नि सावकारी. संन्याशांच्या या पेढ्यांनी संस्थानातल्या बड्या बड्यांना कर्जं दिली. बेगम बाजारात त्यांचे मठ आणि कोठ्या होत्या. भटकंती करत आलेली ही माणसं शहर बघून परत गेली नाहीत. त्यांनी त्यात पैसा गुंतवला, घरं बांधली, वारसाहक्काचे तंटे केले, आणि इथलीच झाली.

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांचं या बाजाराशी नातं त्यानंतरचं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. राज्य मोडलं, पण सवय मोडली नाही. मनमाडहून काचीगुड्याला येणारी गाडी होती, तिचं नाव अजिंठा एक्सप्रेस. गाडीला नाव लेण्याचं, आणि आत बसलेल्या नांदेड-परभणीच्या बायकांच्या डोक्यात हंडे, परात आणि रुखवत. कुणी बसने येऊन गौळीगुड्याला उतरत. लोखंडी कमानीचा तो अवाढव्य स्टँड मुळात विमानाचा हँगर होता. २०१८ च्या जुलैमध्ये तो कोसळला. आमच्या आत्याच्या लग्नाची भांडी बेगम बाजारातलीच. सेठ मारवाडी, पण गिऱ्हाइकाची बोली ओळखून, "या काकी, बसा. पोरीचं लगीन काढलं का?" असं विचारणारा. चहा यायचा, भाव तुटायचा, भांड्यांवर आजोबांचं नाव आणि तारीख पडायची. पुढच्या लग्नाला त्याच दुकानात. फसवलं तर पुढचं लग्न गेलं, हे सेठला पक्कं ठाऊक होतं.

पर्यटनाबद्दल माझ्या मनात जी अढी आहे ती इथून सुरू होते. पर्यटक पुन्हा येणार नसतो. हे त्याला माहीत असतं आणि दुकानदारालाही. त्याला काही हवंही नसतं. म्हणून शहराला त्याच्यासाठी गरज तयार करावी लागते. हिऱ्यांसाठी गोवळकोंड्याला वारंवार आलेला ताव्हर्निये हाही परदेशी पाहुणाच, पण त्याला हिऱ्याचं पाणी कळत होतं, आणि विकणाऱ्याला त्याच्या नजरेची धास्ती होती. आज पत्थरगट्टीत मोत्यांचा सर घेणाऱ्याला मोती कुठून आला हे कळत नाही. तेलंगणात हे मोती पिकत नाहीत. पूर्वी ते बसऱ्याकडून यायचे, आता बहुतेक चीनच्या गोड्या पाण्यातले. हैदराबादचं म्हणण्यासारखं त्यात होतं ते मोत्याला वेज पाडण्याचं आणि सर ओवण्याचं कसब. पाहुण्याने मोजलेल्या पैशातला किती हिस्सा त्या वेज पाडणाऱ्या बोटांपर्यंत पोचतो, हा प्रश्न दुकानाच्या काचेवर लिहिलेला नसतो.

लाड बाजारातही तसंच. इथल्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, वळायची, गरम असतानाच एकेक खडा बसवायचा. त्याच्याच शेजारी फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या, आणि दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. घाईत असलेला माणूस स्वस्तातली उचलतो.

आणि या सगळ्याला पुरवठा करतो तो पुलाअलीकडचा बेगम बाजार. पर्यटक बेगम बाजारात येत नसला तरी पर्यटन येतं, गोणीत बांधून. चारमिनारच्या पदपथावर पाहुण्याच्या पोराच्या हातात पडणारं भिरभिरं, किल्लीची साखळी, चकाकणारा चष्मा हे इथे डझनाच्या नि ग्रोसच्या भावाने निघतं. खानावळींच्या कागदी थाळ्या, द्रोण, पेले इथले. इथेही ते बनत नाही. दिल्लीच्या सदर बाजारातून येतं, समुद्रापलीकडून येतं. म्हणजे पाहुण्याचा रुपया पदपथावरच्या विक्रेत्याकडे क्षणभर टेकतो, बेगम बाजारात थोडा रेंगाळतो आणि गावाबाहेर निघून जातो. गावात राहतो तो कचरा. त्यातला बराच शेवटी मुसीत.

मुसीने २८ सप्टेंबर १९०८ ला हे शहर धुऊन नेलं होतं. त्या दिवशी अफजलगंजातल्या एका चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आहे. पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले, पूर आवरला. मग नदीच आटली आणि तिच्या पात्रात गटारं आली. आता तिचा किनारा सुशोभित करायची योजना आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पात्रातल्या घरांवर लाल रंगात 'आरबी-एक्स' अशी अक्षरं उमटली, काही घरं पडली, रहिवाशांना दूरच्या वसाहतींत घरं देऊ केली गेली. पुढच्याच महिन्यात मंत्री सोलला गेले, तिथे नदी कशी सजवलीय ते बघायला. नदी स्वच्छ व्हायला हवी, यात वाद नाही. पण गाडा ओढून, धुणीभांडी करून जगणाऱ्याचं बिऱ्हाड शहराच्या टोकाला गेलं तर त्याची मजुरी बसभाड्यातच संपते. नदीकाठचा फेरफटका कुणासाठी आखला जातोय, हे त्यावरून कळतं.

हे दुखणं एकट्या हैदराबादचं नाही. गोव्याची वस्ती पंधरा लाखांच्या आसपास आणि वर्षाला पाहुणे कोटीच्या घरात. तिथल्या विहिरींनी काय सोसायचं ते सोसलंय, आणि कचऱ्याचे डोंगर वाढलेत. अजिंठा तर एकेकाळी याच संस्थानातला. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणून तिथली चित्रं सांभाळली. आज त्या चित्रांना माणसांच्या श्वासाची आर्द्रता खाते, आणि धुरापासून जपण्यासाठी गाड्या चार किलोमीटर अलीकडे थांबवाव्या लागतात. तिथेच जपानी कर्जातून पर्यटक केंद्र उभं राहिलं, लेण्यांच्या प्रतिकृती झाल्या, मग पाण्याची-विजेची बिलं थकली आणि केंद्राला टाळं लागलं.

इतकं म्हणूनही मला पर्यटनाला सरसकट झोडपता येत नाही, आणि याला कारण पुन्हा बेगम बाजारच. मोझमजाही मार्केटची १९३५ ची दगडी इमारत २०२० मध्ये स्वच्छ-सुरेख होऊन उभी राहिली, कारण लोक तिथे आइस्क्रीम खात तिच्याकडे बघतात. बेगम बाजारातल्या गोसाव्यांच्या कोठ्यांकडे कुणी बघत नाही, म्हणून त्या पडतात. एक सज्जा कोसळला की शटरवालं पाचमजली गोदाम उभं राहतं, अरुंद बोळात आगीचा बंब शिरायलाही जागा उरत नाही, आणि शंभर-दीडशे वर्षांचं सागवान भंगारात जुमेरात बाजाराला जातं. लाखेची भट्टीसुद्धा पाहुण्यांच्या खरेदीवरच पेटती आहे. शहरातल्या मुली काही रोज लाखेच्या बांगड्या भरत नाहीत. पाहुणे आले तर हमाल हटणार, न आले तर हवेली पडणार. या पेचातून सुटायची सोपी वाट मला दिसत नाही, आणि ज्यांना ती 'हेरिटेज वॉक'मध्ये दिसते त्यांचा मला थोडा हेवाच वाटतो.

एवढं मात्र वाटतं की आपण निदान गिऱ्हाईक व्हावं. गिऱ्हाईक प्रश्न विचारतं, घासाघीस करतं, खोट काढतं, परत यायची धमकी देतं आणि परत येतंही. हैदराबादला जाणार असाल तर मोती कुठला ते विचारा. बांगड्या घ्यायच्या तर लाखेची भट्टी चालू असेल त्या दुकानात बसून, डोळ्यांदेखत खडा बसवून घ्या, आणि त्या हाताच्या कामाच्या किमतीवर मात्र फार हुज्जत घालू नका. पाण्याची बाटली घरून न्या. मग पूल ओलांडून अलीकडे या, एखादं पितळेचं भांडं घ्या, त्यावर नाव घालून घ्या. फक्त रविवार टाळा. चारमिनारला त्या दिवशी मुंगीला शिरायला वाव नसतो, आणि बेगम बाजारातली बहुतेक दुकानं बंद असतात.